सेनापतीणबाईंचं मरण

दर रविवारी दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून एक राज्य चालवतात. ते राज्य कुठेच नाही. त्याला नद्या आहेत, डोंगर आहेत, जकात आहे, आणि एक राक्षस आहे जो इतकी वर्षं मरत नाही. चौघांचेही केस पिकलेत. कोणाला गुडघेदुखी, कोणाला साखर. पण फासा हातात आला की डोळे असे चमकतात की बघणाऱ्याला लाज वाटावी.

ह्या सगळ्याची म्होरकी माझी लेक. तिला ते सूत्रधार म्हणतात. राज्यात काय घडतं ते ती सांगायची, बाकीच्यांनी आपापलं सोंग घेऊन उत्तर द्यायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. फासासुद्धा साधा नाही, वीस बाजूंचा. सहा बाजूंत ह्यांचं भागत नाही.

लेक कवळ्यांच्या कारखान्यात काम करते. मेणात दात बसवायचे, घासायचे, हिरड्यांना रंग द्यायचा. हात बारीक आहे, ते मी नाकारत नाही. त्या हाताने चार पैसे जास्तीचे मिळवावेत की नाही? नाही. उरलेल्या मालातून ती बोटभर उंचीची माणसं घडवते. भालेवाले, घोडेस्वार, एक चेटकीण. सगळ्यांचे चेहरे हिरडीच्या रंगाचे. माझ्या काचेच्या कपाटात चांगले कप होते, ते आता पलंगाखाली खोक्यात आहेत, कारण कपाटात हे सैन्य उभं आहे.

ज्या रविवारची गोष्ट सांगते आहे, त्या दिवशी समारंभ होता. चष्मेवाली कायमची गाव सोडून चालली होती. चष्मेवाली म्हणजे लेकीची शाळेपासूनची मैत्रीण, चष्म्याचं दुकान चालवायची. तिच्या नवऱ्याला पाण्यापलीकडे नोकरी लागली. दुकान विकलं, सामान टेम्पोत भरलं, आणि संध्याकाळच्या बोटीत टेम्पो चढवायचा होता. ती बोट गेली की पुढची चार दिवसांनी.

लेकीला दुसरी मैत्रीण नाही. लग्न केलं नाही, कारखान्यात कोणाशी बोलत नाही, माझ्याशी बोलते ती भाजी आणि औषधं ह्यांच्याबद्दल. महिनाभर मी बघत होते. चष्मेवाली यायची, दोघी टेबलाशी बसायच्या, आणि राक्षसाच्या गुहेला किती दारं असावीत ह्यावर तास घालवायच्या. जाण्याबद्दल अक्षर नाही. मी एकदा लेकीला म्हटलं, "अगं, ती चाललीय. तिच्याशी धड बोलून घे." तर म्हणाली, "आई, रविवारी समारंभ ठेवलाय ना." जणू समारंभ ठेवला की बोलायचं काम फिटलं.

आणि समारंभ तरी कसला? ह्यांचा एक रिवाज आहे. जो टेबल सोडून जाणार, त्याच्या सोंगाने राज्यात मरायचं. तेही असंतसं नाही. लढून मरायचं, आणि मरण फाशाने दिलं पाहिजे. सूत्रधाराने नुसतं म्हणून चालत नाही. मग सगळ्यांनी मेलेल्या सोंगाबद्दल चार शब्द बोलायचे, केक कापायचा, आणि जाणारा मोकळा. चष्मेवाली राज्याची सेनापतीण होती. तिला मारायला सगळे नटूनथटून आले.

मास्तर आले ते अंगावर झूल घेऊन. हे शाळेत गणित शिकवतात आणि खेळाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक काखेत घेऊन हिंडतात. झूल ओळखीची वाटली म्हणून मी नीट बघितलं.

"मास्तर, हा माझा पडदा आहे."

"मावशी, आजच्या दिवस हा राजपुरोहिताचा अंगरखा आहे."

"धुऊन द्या म्हणजे झालं."

मागोमाग नळवाला आला. ह्याच्या हातात दोन फूट रुंद पाट आणि त्यावर केकचा किल्ला. स्वतः भाजलेला. चार बुरुज, मध्ये दरवाजा, दरवाज्याला बिस्किटाची कवाडं. जिना चढताना एक बुरुज ढासळला होता, त्याला त्याने नळाला गुंडाळायची पांढरी फीत गुंडाळून उभा केला होता. माझ्या मोरीचा नळ दोन वर्षं ठिबकतोय. त्याला वेळ होत नाही.

"फीत काढून खायचा हं मावशी," तो म्हणाला.

"मला वाटलं तेवढं तरी खाण्यासारखं असेल."

चष्मेवाली शेवटी आली. प्रवासाचे कपडे, पायात बूट, आणि डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण. नवरा खाली टेम्पोत बसून राहिला. त्याला हे वेड नाही, म्हणून ह्या लोकांत त्याला कोणी विचारत नाही. मला तो बरा वाटतो.

माझी खुर्ची खिडकीशी आहे, लेकीच्या पाठीमागे. तिथे उजेड येतो म्हणून मी तिथे बसते, आणि उठ म्हणायची कोणाची छाती नाही. लेकीसमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. राक्षसाचा फासा ती त्या आडोशामागे टाकते आणि आकडा तोंडाने सांगते. कोणी डोकवायचं नाही. सूत्रधार खोटं बोलत नाही, हा ह्यांचा सगळ्यात मोठा नियम. मास्तर तर म्हणतात की सगळं राज्य त्याच्यावर उभं आहे. देवळातसुद्धा माणसं इतकी सरळ वागत नसतील.

लढाई लागली. सेनापतीणबाई गुहेच्या तोंडाशी एकट्या उभ्या राहिल्या. मास्तरांनी सांगितलं की पंधरा किंवा वर पडले तर राक्षसाचा घाव बसला, बाई गेल्या. पंधराच्या खाली पडले तर चुकला. लेकीने फासा टाकला.

मी मागून बघितलं. वीस.

"चार," लेक म्हणाली. "घाव चुकला."

मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलं. बाकीचे टाळ्या पिटत होते. नळवाला ओरडला, "वा सेनापतीण! मरतामरता पण ऐकत नाही!" चष्मेवालीने तलवार फिरवली, म्हणजे चमचा. लेकीने पुन्हा फासा टाकला. सोळा.

"नऊ."

पुन्हा टाळ्या. खाली टेम्पोचा भोंगा वाजला. नळवाल्याने सेनापतिणीला वाचवायला आपला हत्ती पुढे घातला. हत्ती मेला. त्याच्यासाठी उभं राहून सगळ्यांनी क्षणभर मौन पाळलं. हिरडीच्या रंगाच्या हत्तीसाठी! माझे यजमान गेले तेव्हा ह्याच मास्तरांनी मौनात दोनदा घड्याळ बघितलं होतं.

राक्षसाचा फासा परत पडला, परत लेकीने आकडा कमी करून सांगितला. भोंगा परत वाजला, आता लांबलचक. चष्मेवाली हसायची थांबली होती. घड्याळाकडे बघत होती, दाराकडे बघत होती, आणि शिरस्त्राण काढायचं तिच्या मनात येत नव्हतं. कारण सेनापतीण जिवंत होती, आणि सेनापतीण जिवंत असताना जायचं नसतं! पन्नाशीची बाई, टेम्पो भरलेला, नवरा खाली ताटकळलेला, बोट सुटायला आलेली, आणि ही एका वीस बाजूंच्या गोळीच्या परवानगीसाठी अडून बसली. वेडी माणसं पुष्कळ बघितली, पण नियमाने वेडी झालेली हीच.

आणि माझी लेक! तिची मान मला मागून दिसत होती. ताठ, लाल. मला सगळं समजलं. जाऊ नकोस म्हणायला तोंड उघडत नाही, म्हणून राक्षसाकडून खोटं बोलवत होती. तेही कशासाठी? चार दिवसांसाठी. चार दिवसांनी दुसरी बोट होतीच की.

फासा पुन्हा पडला.

"सात," लेक म्हणाली.

चष्मेवालीने चमचा खाली ठेवला. लेकीकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे.

"मावशी, काय पडलं?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. "असं विचारता येत नाही. बाहेरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत."

"बाहेरची?" मी म्हटलं. "घर माझं, टेबल माझं, तुमच्या अंगावरचा पडदा माझा. बाहेरचे तुम्ही."

"आई, तू मध्ये पडू नकोस," लेक मागे न बघता म्हणाली. आवाज असा होता की कोणी दुसरी आई गप्प बसली असती.

"मावशी," चष्मेवाली म्हणाली, "तुम्ही आजवर माझी भीड ठेवली नाहीत. आजही ठेवू नका."

"एकोणीस," मी म्हटलं. "आणि पहिल्यांदा वीस पडले होते. तू मघाशीच मेलीस. हत्ती फुकट गेला."

मास्तर असे उठले की खुर्ची पडली. "सूत्रधार! तू? आकडा बदललास?" एखाद्याने बँक लुटली तरी लोक इतके हादरत नाहीत. मग त्यांना दुसरी काळजी लागली. "म्हणजे पहिल्या घावानंतरचं सगळं रद्द. हत्ती जिवंत धरावा लागेल. नाही का? पान बघतो."

"माझा हत्ती परत?" नळवाला म्हणाला. त्याच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता. मी कपाळाला हात लावला.

लेकीने आडोसा मिटला. पुठ्ठा टेबलावर आडवा पडला आणि त्यामागचा फासा सगळ्यांना दिसला.

"मग काय करू?" ती म्हणाली. "मेली की ती जाणार."

"मी न मेले तरी जाणार आहे गं," चष्मेवाली म्हणाली.

महिनाभर दोघींनी चघळलेली गुहेची दारं, मास्तरांचं पुस्तक, हत्ती, किल्ला, पडदा, आणि एवढं सगळं करून निघालं काय, तर हे एक वाक्य. ते भाजी निवडता निवडता बोलता आलं असतं. पण नाही. ह्यांना आधी राक्षस लागतो.

चष्मेवालीने शिरस्त्राण काढलं. केस कपाळाला चिकटले होते. मास्तर म्हणाले, "थांब, चार शब्द बोलायचे राहिलेत. आधी मी." आणि त्यांनी टेबलावरच्या सेनापतिणीच्या बाहुलीकडे तोंड करून सुरुवात केली, "हे रणरागिणी..." बाहुलीकडे! जिच्याबद्दल बोलायचं ती बाई हातभर अंतरावर बुटाची नाडी बांधत होती. नळवाला डोळे पुसत होता, तोही बाहुलीकडे बघून.

माझी लेक मात्र उठली.

"सूत्रधार उठली तर डाव मोडतो," मास्तर म्हणाले.

"मोडू दे," लेक म्हणाली. तिच्या तोंडून हे निघेल असं मला वाटलं नव्हतं. तिने चष्मेवालीची पिशवी उचलली, आणि दोघी जिना उतरल्या. खाली दार आपटलं. मी खिडकीतून बघितलं. टेम्पोत पुढे ड्रायव्हर सोडून दोघांपुरती जागा. नवरा उतरला, काहीतरी बोलला, मग निमूट मागे सामानात, गाद्यांवर जाऊन बसला. लेकीच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. टेम्पो निघाला.

वर मी आणि ते दोघे शहाणे उरलो. मास्तर भाषण कुठवर आलं होतं ते आठवत होते.

"पडदा उतरवा," मी म्हटलं. "आणि तू रे, पाना आणलायस? नाही? मग किल्ला खाऊन झाला की बशा तरी घास."

लेक परतली तेव्हा दिवे लागले होते. तळपाय काळे. मोरीत पाय धुतले आणि येऊन माझ्यासमोर बसली. मी उरलेला बुरुज तिच्यापुढे सरकवला.

"बोट मिळाली?"

"मिळाली. शेवटची गाडी आमचीच."

"मग? बोललात काही?"

"हो. रस्ताभर."

"काय बोललात?"

"राज्याबद्दल."

"कपाळ माझं!" मी म्हटलं. "ती बाई जन्माची चालली, आणि तुम्ही..."

"तिने विचारलं, पुढे राक्षसाचं काय होतं. शेवटी," लेक म्हणाली. "मी सांगितलं. सगळं. मी कधीचा ठरवून ठेवलाय तो शेवट."

ह्यांच्यात शेवट आधी सांगायचा नसतो, एवढं इतक्या वर्षांत माझ्याही कानावर आलंय. ज्याला शेवट कळला त्याला परत त्या टेबलाशी बसता येत नाही. सुट्टीतसुद्धा नाही, पाहुणी म्हणूनसुद्धा नाही. लेकीने ते ठाऊक असून सांगितलं होतं, आणि चष्मेवालीने ठाऊक असून विचारलं होतं.

"तिला आवडला?" मी विचारलं.

"रडली. मग म्हणाली, दुसऱ्या दाराची जागा चुकलीय."

लेक केक खाऊ लागली. फितीचा तुकडा तोंडात आला, तो काढून बशीच्या कडेला ठेवला. राक्षसाचं शेवटी काय होतं ते मी विचारलं नाही. मला काय करायचंय.