वास माझा, वाहवा दुर्बिणीची

मी बादली बोलतेय. धरलंत ना नाक? धरा, मला सवय आहे.

जन्माने मी ऑइलपेंटची, वीस लिटरची. बोटवाल्याने मला आणलं, बोट रंगवली आणि मला लख्ख घासून ठेवलं. वाटलं, आता गोडं पाणी भरतील. कसलं काय! माशांची डोकी, आतडी आणि वरून माशाचं तेल, असा माल माझ्यात भरला. किनाऱ्याकडे कधी न फिरकणारी खोल समुद्रातली पाखरं म्हणे या वासावर येतात. ती बघायला हौशी माणसं रात्रभर बोटीतून जातात आणि उजाडलं की बोटवाला माझ्यातला माल वाटीवाटीने पाण्यात सोडतो.

म्हणजे पाखरं येतात माझ्यामुळे. पण कौतुक कोणाचं? दुर्बिणींचं. त्यांना पुसायला मऊ फडकी, ठेवायला मखमली पिशव्या, आणि जागा थेट गळ्यात. मी मात्र मागच्या कठड्याला सुतळीने टांगलेली. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होतो. परवा एका दुर्बिणीवर माझ्यातले चार थेंब उडाले. आता बोटच हलली, त्याला मी काय करणार?

म्हणून तर त्या दोघी बहिणी बोटीवर चढल्या, तेव्हा थोरलीचं दुखणं मी लगेच ओळखलं. रात्री माझ्या शेजारी बसून तिने ते बोटवाल्याला सांगितलंही. धाकटीला गच्चीवर उभी करून पाखरं ओळखायला शिकवलं ते हिने. आता धाकटीच्या वहीत हिच्या दुप्पट पाखरं, आणि जो तो तिलाच विचारणार, मॅडम, हा पक्षी कुठला? एक मुठीएवढं काळं पाखरू मात्र दोघींनीही अजून पाहिलेलं नव्हतं. ते पाण्यावर चालत गेल्यासारखं उडतं. निदान ते तरी मला तिच्या आधी दिसू दे, थोरली म्हणाली. बोटवाला हसला. मी नाही हसले.

उजाडलं आणि थोरलीला बोट लागली. बाकीचे सगळे पुढे, ही मागे कठड्यावर ओणवी. त्यात शेजार माझा! बिचारीने कशीबशी मान वर केली, तर समोर, माझ्या तेलाच्या तवंगावर, तेच पाखरू पावलं टेकवत चाललेलं.

बोटीवरची रीत अशी, की बोटीचं तोंड म्हणजे घड्याळातले बारा आणि शेपूट म्हणजे सहा. पाखरू दिसलं की तिकडचा आकडा ओरडायचा, सगळे तिकडे वळतात. थोरलीने नुसतं 'सहा' म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी मनात म्हटलं, शाब्बास, बघ एकटीच. पाखरू दोनदा वळलं आणि लाटेआड गेलं.

एवढ्यात पुढची मोक्याची जागा सोडून धाकटी पाण्याची बाटली घेऊन आली. पाठ चोळत विचारू लागली, बरं वाटतंय का ताई. थोरलीला रडूच फुटलं.

"मला दिसलं गं ते. आत्ताच. मी तुला हाक मारली नाही."

धाकटीचा हात थांबला. ती जरा लांब जाऊन बसली. थोरलीने बोटवाल्याच्या हातापाया पडून अर्धा तास बोट तिथेच थांबवली. मला तळापर्यंत खरवडलं. पाखरू काही फिरकलं नाही. शेवटी बोट परत वळली. बराच वेळ दोघी दोन टोकांना.

मग धाकटी उठून आली. "कसं होतं, ते तरी सांग."

थोरली सांगू लागली. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. मध्येच विचारायची, आणि शेपटी? पाय कसे होते? सांगता सांगता कधी खांद्याला खांदा लागला, त्यांनाही कळलं नसेल. दुर्बिणी राहिल्या बाजूला, आता मला या दोघींचाच हेवा वाटायला लागला.

किनारा येईपर्यंत थोरलीने ते पाखरू तीनदा सांगितलं. पंख सांगितले, पावलं सांगितली, तेलाचा तवंगसुद्धा सांगितला. मी कठड्यावर रिकामी हेलकावत कान देऊन होते. बादलीचं नाव बाईने एकदाही काढलं नाही.

तुम्ही तरी काढा.