बाराव्या खाटेचा रिपोर्ट

"इथे सही करा," चौकोनराव म्हणाला आणि त्याने कागद माझ्यासमोर सरकवला. वर पेनही ठेवलं. ती पेन देण्याची घाई बघूनच माझं डोकं फिरलं.

"वाचू तरी द्याल?"

"वाचा ना ताई. नुसती औपचारिकता आहे."

कागदावर लिहिलं होतं की वॉर्डांची यादी मी स्वतः तपासली आणि ती बरोबर असल्याचं मी सांगितलं. खाली माझं पद आणि सहीसाठी ठिपक्यांची ओळ. शेजारी आमचे अधीक्षक खिडकीबाहेर बघत बसले होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

मी या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं कारकून. सगळे मला फोनताई म्हणतात. रक्ताच्या तपासणीत एखादा आकडा जिवावर बेतेल असा आला, की कागद वॉर्डात पोहोचायची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा, हे माझं काम. मी आकडा सांगायची आणि पलीकडच्या सिस्टरला म्हणायची, "परत म्हणा." तिने म्हटला की मी वहीत लिहायची: रुग्ण, आकडा, वेळ, ऐकणाऱ्याचं नाव. नव्या मुली वैतागायच्या. "अहो ताई, बहिऱ्या नाही आम्ही!" मी म्हणायची, "तू नसशील गं, फोन असतो. म्हण मुकाट्याने."

गेल्या वर्षी ही संगणक कंपनीची मंडळी आली. हॉस्पिटलचं काम एकीकडे आणि संगणक दुसरीकडे, दोघांचा मेळ नाही, तो घालायचाय, असं अधीक्षकांनी सभेत सांगितलं. त्यासाठी म्हणे एंटरप्राइज आर्किटेक्चर नावाची चौकट असते. वर माणसांचं काम, त्याखाली माहिती, त्याखाली सॉफ्टवेअर, तळाला यंत्रं, असे चार मजले. आधी 'आज आहे तसं' चित्र काढायचं, मग 'उद्या हवं तसं'. त्यांच्या प्रमुखाने भिंतभर कागद लावून इतके चौकोन काढले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव चौकोनराव पडलं. मला ती चौकट पटली होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी वाटलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं: जो काम करतो त्याला जाऊन विचारा, तो काम करतो ती जागा बघा. मी त्या ओळीखाली रेघ मारून ठेवली होती.

भिंतीवर 'प्रयोगशाळा' हा एक चौकोन होता, 'वॉर्ड' हा दुसरा. मधे एक बाण.

"यात मी कुठे?" मी विचारलं.

"हा बाण आहे ना ताई, तेच तुमचं काम. आता ते आपोआप होईल. रिपोर्ट तयार झाला की थेट वॉर्डातल्या प्रिंटरवर."

होऊ दे की. आपोआप होत असेल तर मला कुठे फोन करायची हौस होती? पण मग मी शेजारची वॉर्डांची यादी वाचली आणि हात वर केला.

बायकांचा वॉर्ड पूर्वी तळमजल्यावर सात नंबरच्या खोलीत होता. बारा वर्षांपूर्वी छत गळायला लागलं, तेव्हा खाटा वरच्या मजल्यावर नऊ नंबरात नेल्या आणि सातात चादरींचं कोठार केलं. संगणकात मात्र कोणी हात लावला नाही. तिथे बायकांचा वॉर्ड अजून सातच. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कधी अडलं नाही.

"यादी तर संगणकातूनच काढलीय," चौकोनराव म्हणाला.

"म्हणूनच चुकलीय. खाली जाऊन बघा ना. दोनशे पावलं आहेत. दार उघडलंत तर चादरी दिसतील, बायका नाही."

सगळे हसले. तोही हसला. एका पिवळ्या चिठ्ठीवर त्याने 'वॉर्ड सात?' असं लिहिलं आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या कागदावर डकवली. त्या कागदाचं नाव 'नंतर बघू'. तिथे आधीच तीसचाळीस चिठ्ठ्या होत्या.

दोनशे पावलं! वर्षभर ही माणसं वातानुकूलित खोलीत बसून आमचं 'आज आहे तसं' काढत होती आणि दोनशे पावलं चालायला त्यांचे पाय दुखत होते.

नवी व्यवस्था सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात माझा फोन काढून घेतला आणि मला पलीकडच्या इमारतीत चौकशीच्या खिडकीत बसवलं. वही कुठल्याच प्रणालीत बसत नाही, म्हणून बंद. मी ती पिशवीत टाकून घरी नेली. आमचे हे म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. कशाला नसती उठाठेव? बस गुपचूप." बसले.

नवी व्यवस्था सुरू झाली त्याच दिवशी सकाळी साडेदहाला वॉर्ड नऊच्या सिस्टरचा फोन आला. "ताई, बाराव्या खाटेचा रिपोर्ट अजून नाही हो. लॅबचा फोन बंद केलाय, म्हणून तुम्हाला लावला. बाई कसंतरीच करतायत."

बाराव्या खाटेवरच्या बाई शिवणकाम करायच्या. मूत्रपिंडाच्या दुखण्याने दर दोन महिन्यांनी यायच्या, दहा दिवस राहायच्या. मागच्या वेळी मी वॉर्डात गेले तर माझ्या पांढऱ्या कोटाची बाही धरून म्हणाल्या, "हे काय ताई, उसवलंय सगळं! काढा इकडे." खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी ती शिवून दिली, आणि वर मलाच दटावलं, "धुताना पिळू नका अशा, वैरी असल्यासारखं."

मी धावत प्रयोगशाळेत गेले. तिथला पोरगेला तंत्रज्ञ म्हणाला, "रिपोर्ट? तो नऊ वाजून दहा मिनिटांनीच गेला. हे बघा, पोहोचल्याची हिरवी खूण."

"कुठे पोहोचला?"

"वॉर्ड सात."

जिना उतरून कोठारापाशी पोहोचले तर दाराला कुलूप, आणि आत प्रिंटर चालल्याचा आवाज. कोठारवाला चहाला गेला होता. त्याला शोधून किल्ली आणेपर्यंत अकराला दहा कमी झाले. आत चादरींच्या गठ्ठ्यांमधे टेबल, टेबलावर नवा कोरा प्रिंटर, आणि जमिनीवर कागदच कागद.

"मी विचारलं होतं हो प्रिंटरवाल्याला, इथे कशाला बसवतोस म्हणून," कोठारवाला रडकुंडीला आला होता. "तो म्हणाला, नकाशात आहे."

बाईंचा कागद टेबलाखाली सापडला. पोटॅशियम सात पूर्णांक चार. तेवढं झालं की हृदय केव्हाही थांबतं, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी पायऱ्या कशा चढले, मला आठवत नाही. डॉक्टरांनी कागद बघितला आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. सव्वाअकराला ते हात पुसत बाजूला झाले. "तासभर आधी कळलं असतं तर..." एवढंच म्हणाले.

आणि आज, तेरा दिवसांनी, हा कागद.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "सभेत, वीस माणसांसमोर. ती पिवळी चिठ्ठी कुठंय?"

"ते कागद काम संपल्यावर काढून टाकले," चौकोनराव म्हणाला. "ताई, हे कोणा एकाबद्दल नाही. प्रक्रियेत त्रुटी राहिली."

"त्रुटी? बाई मेली!"

अधीक्षकांनी अखेर टाकीवरची नजर काढली. "चौकशी समितीला एक सही हवीय. तुमचं काही वाकडं होणार नाही, मी बघतो. पण सही नाही केलीत तर असहकार म्हणून लिहावं लागेल. दोनच वर्षं राहिलीत तुमची. विचार करा."

"विचार झाला, साहेब. लिहा."

मी पिशवीतून वही काढली आणि कोरी ओळ गाठली.

"त्या दिवशी हा आकडा कोणालाच कळवला गेला नाही," मी चौकोनरावला म्हटलं. "तो आज कळवते. वॉर्ड नऊ, खाट बारा. पोटॅशियम सात पूर्णांक चार. परत म्हणा."

"ताई, हे काय लावलंय..."

"परत म्हणा."

त्याने अधीक्षकांकडे बघितलं. ते पुन्हा टाकीकडे बघायला लागले होते.

"वॉर्ड सा..." तो थांबला. "वॉर्ड नऊ. खाट बारा. सात पूर्णांक चार."

"नाव सांगा. पूर्ण."

त्याने सांगितलं. ऐकणाऱ्याच्या रकान्यात मी ते लिहिलं आणि वेळ टाकली, चार वाजून वीस. त्याचं पेन त्याच्या कागदावर, ठिपक्यांच्या ओळीवर ठेवलं. वही उचलताना टेबलाच्या खिळ्यात माझ्या कोटाची बाही अडकली. मी रागातच हिसडा मारला. टाके पक्के होते, एकही निघाला नाही.