मातीला मज्जाव

वेंडेल हॉफस्टेटरच्या शवपेट्यांना अमेरिकेतल्या अख्ख्या इंडियाना राज्यात तोड नव्हती. झाकणाच्या कडेनं रबराची पट्टी; एकदा किल्ली फिरवली की पाणी, किडा, माती, कुणाची आत शिरायची टाप नाही. आपल्या आईलाही त्यानं तशाच पेटीत निजवलं होतं. ‘आई कोरडी आहे,’ एवढ्या विचारानं त्याला गाढ झोप लागे.

इथला धंदा मंदावला तसा त्यानं माल ग्रीसला धाडायचं ठरवलं. तिथले दलाल अरिस्तिदिस पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “मालक, आमच्याकडं पेटी साधीच लागते. जागा कमी, तीन वर्षांनी...”

“अहो, चांगल्या मालाला देश नसतो!” वेंडेलनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. दलालांनाही दलाली गोड लागली. वाक्य अर्धंच राहिलं.

चौथ्या वर्षी अरिस्तिदिस कारखान्यात आले. सोबत काळ्या कपड्यातली साठीची बाई, वासिलिकी. वेंडेलला वाटलं, आभार मानायला आली. त्यानं कॉफी मागवली, ॲपल पायची बशी पुढं सरकवली. तिनं हात लावला नाही. ती बोले, आणि दलाल खाली मान घालून त्याला सांगत.

“तीन वर्षांनी आम्ही थडगं उघडतो, लेकरा. हाडं काढतो, वाइननं धुतो, पेटाऱ्यात ठेवतो. आईसाठी मी वाइन घेऊन उभी होते. गाव जमला होता. तुझी पेटी उघडली... आईची माती झालीच नव्हती.”

“म्हणजे माल टिकला की!” वेंडेल बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

“माती ज्याला घेत नाही तो पापी, असं मानतात आमच्यात. जन्मभर देवळात दिवा लावला रे तिनं! आता बायका म्हणतात, दिव्याचं तेल चोरलं असेल. तू चल. देवळाच्या दारात उभा राहून सांग, दोष पेटीचा, तिचा नव्हे. मला दुसरं काही नको.”

‘येतो’ हा शब्द वेंडेलच्या ओठांवर होता. पण हिशेब सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीनं, लोर्नानं, त्याला बाहेर ओढलं.

“वेड लागलंय का? दोष कबूल केलास की तिथल्या एकेका थडग्यामागून एकेक वकील उठेल! कामगारांच्या चुली विझवणारेस? यापुढं रबर न लावता पाठवू. मिटलं.”

“आणि पुरलेल्यांचं काय, ताई?”

“ते तक्रार करत नाहीत.”

वेंडेल आत आला. नजर टेबलावरच ठेवून म्हणाला, “बाई, आमच्या पेटीनं कबूल केलं तेच केलं. तिच्यात दोष नाही.”

वासिलिकी उठली. “मग सरळ म्हण ना, दोष माझ्या आईचा.”

देह ही देवाची ठेव. ती परत करताना आपण कुलूप घालतो आणि त्याला माया म्हणतो.

रविवारी प्रार्थनेनंतर वेंडेल आईच्या थडग्याशी गेला. रात्रभर पाऊस झाला होता, गवत भिजलं होतं, गुडघे टेकताच पँट ओली झाली. सवयीनं तो पुटपुटला, “आई कोरडी आहे,” आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं मूठभर चिखल उचलला. पेटीतल्या आईपर्यंत तो पोचणार नव्हता; मग द्यायचा कुणाला, ते त्याला कळेना.