मर लागलेलं रान

पाहुण्यांसाठी केलेल्या स्कोनचा ट्रे भट्टीत ढकलून नोरीन थीले फाटकाशी आली आणि येणाऱ्या गाड्यांची चाकं धुवायला पाण्याची नळी ओढू लागली. डार्लिंग डाउन्सच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत कापूस कमरेला लागला होता, बोंडं भरत होती, आणि आज दूरदूरचे कापूसवाले नवी वाणं बघायला तिच्या रानात येणार होते. तिच्या रानात! जिथे गेली सात वर्षं शेजारपाजारचं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

ही सगळी आयव्होची कृपा. आयव्हो म्हणजे वाणं तयार करणारा शास्त्रज्ञ. मर रोगाला न बधणारं झाड निवडायचं, तर मर असलेलीच माती लागते. निरोगी मातीत सगळीच झाडं पहिलवान दिसतात, असं तो म्हणायचा. म्हणून त्याने हजार झाडं इथे आणून लावली, नऊशे मेली, आणि उरलेल्यांतून कुठल्या मुलखाला काय चालेल ते तो वेचत राहिला.

मर पहिल्यांदा दिसली ती नोरीनच्या नवऱ्याला, क्लेमला. माना टाकलेल्या झाडाचं खोड त्याने उभं चिरलं, आत तपकिरी रेघा दिसल्या, आणि त्याच दुपारी त्याने कृषी खात्याला कळवलं. शेजारचा लायल प्रॅट त्याला म्हणाला होता, येडा आहेस का, पाणी साचलं म्हणून सांग आणि गप बस. क्लेमला गप बसणं जमत नसे.

मग पंचक्रोशीने त्यांना वाळीत टाकलं. त्यात सगळ्यांच्या पुढे लायल. कापूस वेचणारं यंत्र कुणी यांच्याकडे पाठवेना. चर्चच्या हॉलमध्ये नोरीनने नेलेले लॅमिंग्टन केक जसेच्या तसे परत आले. आता चाकं धुवावीत, बूट धुवावेत, मातीतून रोग पसरतो हे खरंच आहे. पण केकमधून मर पसरते हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

क्लेम शेतातच छातीत कळ येऊन गेला. शववाहिनीच्या ड्रायव्हरला कुणीतरी आधीच फोन करून आत जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तो रस्त्यावरच थांबला. नोरीनने आणि तिच्या भावाने शवपेटी शेतातल्या गाडीवर घालून फाटकापर्यंत आणली. बाहेर लायलने तिचा हात हातात घेतला, दोन शब्द बोलला, आणि मग सगळ्यांदेखत बाटलीतल्या पाण्याने स्वतःचे बूट धुतले. मेल्याने फाटकाच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

आणि हाच लायल, ज्याने क्लेमने मर कळवली त्याच्या आदल्या वर्षीच नदीकाठच्या रानातला कापूस मोडून गुपचूप मर न लागणारी ज्वारी पेरली होती. पुराचं पाणी त्याच्या रानातून यांच्या रानात उतरतं. नोरीनला दोन अधिक दोन चार करता येत होते. मर आधी त्याच्याच रानात होती, हे त्याच्या तोंडून एकदा चारचौघांत वदवून घ्यायचं, एवढ्या एका इच्छेवर ती इतकी वर्षं उभी होती.

आज सगळ्यांच्या आधी आला तोही लायलच. टोपी हातात घेऊन.

"नोरीन, तुझ्याकडे एक काम होतं. आयव्होचं ते इथलं वाण, त्याचं बी थोडंच आहे. तू जास्तीचं माग. मला कुंपणावरून दे. कुणाला कळायचं कारण नाही."

"तुला कशाला? तुझ्याकडे तर पाणी साचतं ना?"

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मर सोसणारं बी दुकानातून घेतलं तर दुकानदाराला कळणार, म्हणून त्याने गेल्या हंगामात तिकडे वर उत्तरेत, एमराल्डला भरघोस पिकणारं वाण पेरलं. अर्धं रान उभं वाळलं. पोरगा आता शेत सोडून खाणीत जायचं म्हणतोय. त्याच्या आसपासच्या निम्म्या लोकांनी लाजेपायी हेच केलं होतं.

"क्लेमसारखं मला नाही जमायचं गं," तो म्हणाला. "लोक काय करतात ते तू बघितलंयस."

"बघितलंय. पुढे कोण होतं तेही बघितलंय. सगळ्यांबरोबर ये."

गाड्या जमल्या तेव्हा फाटकाला कडी होती आणि कडीला पाठ लावून नोरीन उभी होती. तिने सांगितलं, ज्याला आत यायचंय त्याने आपल्या रानात कुठला रोग आहे ते मोठ्याने बोलायचं. आयव्हो घाबरून पुटपुटला की असं काही ठरलं नव्हतं. आता ठरलं, ती म्हणाली.

एमराल्डच्या माणसाला लपवायचं काही नव्हतं, त्याच्यासाठी आयव्होने उष्णता सोसणाऱ्या वाणाच्या ओळी राखल्या होत्या. दक्षिणेकडच्या नॅमोई खोऱ्यातल्या बाईने तिकडच्या दुसऱ्या प्रकारच्या मर रोगाचं नाव घेतलं, तिच्यासाठी वेगळ्या ओळी होत्या. उरले ते इथलेच. शेवटी ट्रेंट नावाच्या तरण्या शेतकऱ्याने, मान वर न करता, मर आहे म्हटलं. मग आणखी दोघांनी.

"लायल?" नोरीन म्हणाली.

"आहे," तो म्हणाला. "नदीकाठच्या रानात."

"कधीपासून?"

तिची नजर हलेना.

"क्लेमच्या आधीपासून."

अहाहा! किती वर्षं या दोन शब्दांसाठी तिने दात-ओठ खाल्ले होते. लायलचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो तिने डोळे भरून बघून घेतला. काळीज थंड झालं तिचं.

मग तिला दिसलं की ट्रेंट त्याच्यापासून चार पावलं दूर सरकलाय. दुसऱ्याने आपली गाडी सुरू करून मागे घेतली, लायलच्या गाडीला लागून उभी होती म्हणून. क्षणापूर्वी कबुली दिलेली हीच माणसं! लायल मोकळ्या जागेत एकटा उभा राहिला, आणि ती जागा नोरीनच्या ओळखीची होती.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तडक चालत गेली आणि लायलच्या शेजारी उभी राहिली. त्याने बोलायला तोंड उघडलं, तशी ती त्याच्यावरच खेकसली.

"गप्प बस. तुला मी माफ केलेलं नाही, मरेपर्यंत करणार नाही." मग ती बाकीच्यांकडे वळली. "पण आज याला टाकलंत, तर उद्या तुमच्यातला कोण खरं बोलेल? असंच करून माझा माणूस खाल्लात तुम्ही."

नोरीनने फाटकाची कडी काढली.

"लायल, चल. पहिला तू," ती म्हणाली. "आणि याच्या शेजारून चालायची ज्याला लाज वाटते, त्याने आल्या वाटेने घरी जावं. माझ्या रानातलं बी त्याच्यासाठी नाही."