डावीकडे, नील!

इंग्लंडमध्येच वाढलेल्या आमच्या नीलला कॅरिबियनमधल्या एका फुटबॉल क्लबात जायचं होतं, आणि माझ्या बायकोला, मंजिरीला, त्याला कुठेच जाऊ द्यायचं नव्हतं. त्या क्लबला गोलकीपर हवा होता. ट्रायल क्रॉयडनला होती म्हणून आम्ही तिघं मिल्टन कीन्सहून गाडी काढून आलो होतो.

क्लब जेमतेम दोन वर्षांचा. पहिल्या सीझनला सगळ्या मॅच हरले. दुसऱ्या सीझनला शेळ्या मैदानात घुसल्या, मॅच बरोबरीतच थांबवावी लागली आणि क्लबला पहिला पॉइंट मिळाला. हे त्यांचे कोच जोसेफ स्वतःच पोट धरून हसत सांगत होते. "बेस्ट डिफेन्स वी एव्हर हॅड!" मला माणूस फार आवडला.

"उदय, शेळ्या!" मंजिरी माझ्या कानात फणकारली. "अकाउंटन्सी सोडून हा तिथे जाणार?"

"दोनच वर्षांचा तर करार आहे."

"तू गप्प बस."

दुपारपर्यंत दोघेच गोलकीपर उरले, नील आणि एक सोनेरी केसांचा मुलगा. जोसेफ नीलला म्हणाले, ही शेवटची पेनल्टी अडवलीस तर तू, नाहीतर तो. नील धावत कुंपणापाशी आला.

"आई, तुझी डोळे शार्प आहे. तो उंच माणूस कुठे मारते, ते मला मराठीत ओरड. कोणालाच नाय कळणार."

पोरगं बिचारं भोळं. मंजिरीने सकाळपासून बघितलं होतं की तो उंच स्ट्रायकर दरवेळी गोलकीपरच्या उजवीकडेच मारतो. मलाही तिनेच सांगितलं होतं. आता तिच्या ओठांवर जे हसू आलं ते मी चांगलं ओळखतो.

"मंजू, नको हं," मी म्हणालो.

"नील! डावीकडे!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

स्ट्रायकरने सवयीप्रमाणे उजवीकडे मारला. नीलही सरळ उजवीकडेच झेपावला, आणि बॉल त्याच्या हातात.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग आठवलं. नील डावखुरा. लहानपणी मंजिरी रोज ताटावर ओरडायची, "उजव्या हाताने जेव!" तो डाव्या हातात घास घेऊन ठासून सांगायचा, "हाच माझा उजवा!" आम्हाला ते इतकं गोड वाटायचं की कुणी दुरुस्तच केलं नाही. इंग्रजीत त्याचं लेफ्ट-राइट चोख आहे. मराठीत मात्र सगळं उलटंच राहिलं.

मला हसू आवरेना. तेवढ्यात नील आला आणि त्याने चिखलासकट आईला मिठी मारली.

"थँक यू, आई. मला वाटला, मी जाऊ नये असं तुला वाटते. आणि तूच मला पाठवला."

मंजिरीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मग तिला रडू फुटलं. नीलला वाटलं, आनंदाचं आहे. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"कधी निघायचंय?" तिने त्याच्या जर्सीत तोंड खुपसूनच विचारलं.