वहिनीचं हं
माझी भाची, दादाची लेक, पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी गिऱ्हाइकाच्या पडद्यांचं कापड मोजत होते आणि ही जमिनीवर बटणांशी खेळत होती. खेळता खेळता म्हणाली, "आत्या, एका पडद्याला कमी पडेल." पडलंच की! तिला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून सगळं घर झपाटून गेलं. मोठ्या शाळेची निवड परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, आणि तिथे गेलेलं पोर आमच्यासारखं शिवणयंत्रावर मान मोडत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने रेडिओ आपल्या शिवणाच्या दुकानात नेऊन ठेवला. माझं यंत्र गॅलरीत गेलं. घरात शिंकायचं तेही चोरून. वहिनीने नोकरी सोडली, रात्रीचा दिवस करून स्वतः गणित शिकली, आणि भाजी निवडत लेकीशेजारी बसू लागली. पोरीने एक पायरी लिहिली की वहिनी म्हणायची, "हं." मग पुढची पायरी. पुन्हा "हं." चुकलं की वहिनी गप्प, आणि पोर मुकाट्याने खोडायची.

शेजारीपाजारी म्हणायचे, "आई असावी तर अशी!" मला मात्र ते बघवेना. एकदा बोलून गेले, "अगं वहिनी, ऊठ जरा तिच्याजवळून. पोरगी हुशार आहे, पांगळी नाही."

दादा माझ्यावरच उखडला, "तुला मूल असतं तर कळलं असतं."

जिव्हारी लागलं. त्यानंतर मी तोंड शिवून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं फाटकाबाहेर उभे. पोर आली ती अगदी शांत. वहिनीने प्रश्नपत्रिका जवळजवळ हिसकावलीच. अशी सगळी गणितं घरी कितीदा तरी झालेली. वहिनीचा चेहरा फुलला.

"आली ना सगळी?"

"येत होती."

"येत होती म्हणजे?"

"प्रत्येकाची पहिली पायरी लिहिली आणि थांबले. कुणी हं म्हणालंच नाही."

 वहिनी रडली नाही. तिने प्रश्नपत्रिकेची घडी घातली आणि घरची वाट धरली.

घरात शिरताच तिने तीच प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवली. "आता सोडव. मी तोंड उघडणार नाही." तळहात तोंडावर दाबून ती भिंतीकडे वळली.

पोरीने पहिली पायरी लिहिली, मान वर केली आणि आईच्या पाठीकडे बघत बसली. दादाचा चहा निवून गेला. वहिनीचे खांदे गदगदत होते, पण ती वळली नाही. पोरीचा तो चेहरा मला सहन होईना.

"हं," मी म्हणाले.

तिने लगेच वाकून दुसरी पायरी लिहिली. ती बरोबर होती की चूक, मला ओ की ठो कळलं नाही. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत थांबली.