काहीच उगवलं नाही

टिवल्यानं लॅबमधल्या, जंतू वाढवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आपला अंगठा शोधू लागला.

म्हणजे अंगठा हातालाच होता. शोधत होता तो त्याचा ठसा. डबा खाऊन, हात न धुता, त्यानं तपासणीच्या एका प्लेटमधल्या जेलीवर अंगठा दाबून ठेवला होता. तिथे जंतूंचं रान माजेल, ते दाखवून मॅडमना किंचाळायला लावायचं, एवढाच बेत.

प्लेट लख्ख होती.

त्याला हा अपमान वाटला. त्यानं एका प्लेटवर बूट टेकवला, दुसरीत मनापासून शिंकला. दुसऱ्या दिवशी दोन्ही आरशासारख्या. तेव्हा मात्र त्याचं हसू आटलं.

कारण कंपनी बनवायची त्या डोळ्यांच्या थेंबांची तपासणी याच प्लेट्सवर व्हायची. थेंब टाकायचे, काही उगवलं नाही की बॅच पास. हल्ली सगळ्याच पास होत होत्या. त्यातलीच एक बाटली घरी होती, आईच्या कालच ऑपरेशन झालेल्या डोळ्यासाठी.

"मॅडम, मी निर्जंतुक झालोय."

"टिवल्या, मला वेळ नाही."

"बूटही झालाय."

मॅडमनी प्लेट उजेडात धरली. जेलीवर बुटाच्या तळाची नक्षी उमटली होती. बाकी काही नाही.

"जेली ओतण्याआधी प्लेट्स जंतुनाशकात बुडवतोस ना?"

"तुम्हीच सांगितलंत. बुरशी धरली म्हणून मोठ्या साहेबांनी तुम्हाला फैलावर घेतलं, त्यानंतर."

"मग साध्या पाण्यानं खळबळून घ्यायच्या. नाहीतर चिकटून राहिलेलं जंतुनाशक काहीच उगवू देत नाही."

"ते नव्हतं सांगितलं."

मॅडमनी झाकण लावलं, अगदी हळू, आत कोणी झोपलं असावं तसं.

"म्हणजे थेंबांत काही असतं, तरी आपल्याला दिसलंच नसतं," टिवल्या म्हणाला.

"असेलच असं नाही."

"नसेलच असंही नाही. आईला संध्याकाळपासून थेंब सुरू करायचेत. घालू?"

"घाल की. आपणच पास केलेत."

आवाज नेहमीचाच. टिवल्याला हायसं वाटलं. तो दारापर्यंत पोचला, तोच मागे पर्सची चेन वाजली.

मॅडमनी पर्समधून थेंबांची बाटली काढली होती. याच कंपनीची, अर्धी वापरलेली. ती त्यांनी दूषित कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. कोपरापर्यंत हात धुतले. मग चष्मा काढून नळाखाली वाकल्या आणि डोळे धुवायला लागल्या. बराच वेळ धूत होत्या.